सरफोजीराजांचे पाद्री मास्तर

माझी सगळी नोकरी तिरुचिरापल्लीतल्या एका ख्रिस्ती महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवण्यात गेली. घरी मराठी, रस्त्यावर तमिळ, वर्गात इंग्रजी. गळ्यात मंगळसूत्र घालून मी रोज सकाळी प्रार्थनासभेत मुलींच्या रांगांमागे उभी राहत असे. पुण्याकडचे नातेवाईक तंजावूर बघायला आले की मोठं देऊळ आणि सरस्वती महाल झाल्यावर, जेवताना, हमखास एक प्रश्न यायचा: ‘इतकी वर्षं त्यांच्यात काढलीस, तुला कधी बाटवायला नाही बघितलं?’ मी ‘नाही’ म्हणत असे. ते खरं होतं, पण तेवढ्यानं भागत नसे. पुरतं उत्तर द्यायचं तर पाहुण्याला राजवाड्यातून शिवगंगा बागेतल्या जुन्या चर्चपर्यंत चालवत न्यायला हवं, आणि अठराव्या शतकात शिरायला हवं. जेवणाच्या पानावर ते जमत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

त्या चर्चचे पाद्री क्रिस्टियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ चा, प्रशियातल्या सोनेनबुर्ग नावाच्या लहान गावातला. शिकले हाले इथे. हाले शहर आउगुस्ट हेर्मान फ्रांके यांच्या शाळेसाठी प्रसिद्ध होतं. फ्रांके यांनी १६९५ मध्ये तिथे गरिबांच्या मुलांसाठी एक शाळा काढली. त्या शाळेभोवती हळूहळू अनाथाश्रम उभा राहिला, औषधालय आलं, छापखाना आला, ग्रंथालय आलं, आणि शंखशिंपले, प्राणी, यंत्रं, दूरदेशीच्या वस्तू मांडलेलं एक दालनही तयार झालं. शिकवण्याची रीत प्रश्नोत्तरांची होती. मास्तरांनी विचारत जायचं आणि मुलानं उत्तर शोधत जायचं. जे शिकवायचं ते शक्य तितकं प्रत्यक्ष दाखवायचं, नुसतं पाठ करून घ्यायचं नाही. डेन्मार्कच्या राजानं पाठवलेले जे पहिले दोन मिशनरी १७०६ मध्ये आपल्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरले, तेही याच हालेच्या वळणातले. मद्रासेहून परत गेलेल्या बेंजामिन शुल्त्से यांच्याकडे श्वार्ट्झ हालेतच तमिळ शिकले आणि १७५० मध्ये तरंगंबाडीला पोचले. त्यानंतर ते कधी मायदेशी गेले नाहीत. लग्न केलं नाही. पुढची सगळी वर्षं कावेरीच्या या खोऱ्यात गेली: आधी तरंगंबाडी, मग त्रिची म्हणजे तिरुचिरापल्ली, आणि १७७८ पासून तंजावूर.

तमिळ त्यांना येतच होतं. फार्सी, हिंदुस्तानी आणि पोर्तुगीज त्यांनी गरजेनुसार जोडत नेल्या. तंजावुरात आल्यावर दरबारात बोलता यावं म्हणून आपली मराठीही शिकले. राजाशी बोलायला दुभाष्या सहज मिळाला असता, ईस्ट इंडिया कंपनीचे साहेब तसंच करत. पण ज्याच्या मनाशी काम आहे त्याच्या घरातली भाषा आपल्याला आली पाहिजे, हे या माणसाला कुणी न सांगता कळलं होतं. मानसोपचाराच्या वर्गात मी मुलींना हेच शिकवत आले. सल्ला घ्यायला आलेली बाई दुःख सांगताना ज्या भाषेत घसरते ती भाषा तुम्हाला हवी, पुस्तकाची भाषा नंतर.

या माणसाचं तंजावुरात वजन कशानं वाढलं, हे समजून घ्यायचं तर धर्माच्या आधी धान्याकडे पाहावं लागतं. म्हैसूरच्या हैदर अलीची स्वारी कर्नाटकावर, म्हणजे या तमिळ मुलखावर, आली, गावं उजाड झाली आणि तंजावूरच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली. भोवतालच्या शेतकऱ्यांकडे धान्य होतं, पण आणायला कुणी धजत नव्हतं, कारण पूर्वी आणलेल्या धान्याचे आणि बैलांचे पैसे त्यांना कुणी दिले नव्हते. राजाच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवेना, साहेबाच्या शब्दावरही ठेवेना. शेवटी श्वार्ट्झ यांनी स्वतः पैशाची हमी घेतली. दोन दिवसांत हजारभर बैल गोळा झाले आणि ऐंशी हजार कलम (कलम हे इकडचं धान्याचं माप) धान्य किल्ल्यात आलं. शेतकऱ्यांना त्यांनी पैसे चुकते केले. पुढे अधिकाऱ्यांच्या जुलमाला कंटाळून शेतकरी मुलूख सोडून गेले, तेव्हाही त्यांना परत बोलवायला पाद्रीच लागले. त्यांच्या शब्दावर एका दिवसात सात हजार माणसं परतली.

त्याआधी, १७७९ मध्ये, मद्रास सरकारनं त्यांना खुद्द हैदरकडे श्रीरंगपट्टणला बोलणी करायला पाठवलं होतं. कंपनीच्या इतर वकिलांवर हैदरचा विश्वास नव्हता, या माणसावर होता. परतताना हैदरनं वाटखर्चासाठी तीनशे रुपये दिले. श्वार्ट्झ यांनी ते स्वतःकडे ठेवले नाहीत, तंजावुरातल्या अनाथ मुलांच्या इंग्रजी शाळेसाठी लावले. म्हैसूरच्या नवाबाचे पैसे, जर्मन पाद्री, मराठ्यांचं राज्य आणि तमिळ मुलांची शाळा! तंजावूरच्या शिक्षणाची सुरुवात अशी अनेक हातांतून झाली आहे, आणि मला तिचा अभिमान वाटतो.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं माणसाच्या वाढीची पहिली पायरी म्हणून विश्वासाचं नाव घेतलं. लहान मूल जगाला आधी एवढंच विचारतं की तू दिलेला शब्द पाळशील का. शिकणं, मैत्री, काम, सगळं त्यावर उभं राहतं. हा सिद्धान्त शिकवताना परदेशी पुस्तकातली उदाहरणं मला कधी पुरली नाहीत. ऐंशी हजार कलम धान्याची गोष्ट मी दरवर्षी सांगत असे.

१७८५ च्या सुमारास तंजावूर दरबारातले कंपनीचे रेसिडेंट जॉन सलिव्हन यांनी इंग्रजी शाळांची योजना आखली. तंजावूर, रामनाथपुरम आणि शिवगंगा गाव अशा तीन ठिकाणी शाळा सुरू झाल्या आणि देखरेख श्वार्ट्झ यांच्याकडे आली. कंपनीच्या संचालकांनी प्रत्येक शाळेला वर्षाला अडीचशे होन मंजूर केले. आता इथे तो जेवणाच्या पानावरचा प्रश्न उभा राहतो. या शाळांत बहुतेक मुलं ब्राह्मणांची आणि इतर वरच्या जातींची होती. मुलगा पाद्रीच्या शाळेत घालायचा तर बापाला धास्ती वाटणारच. मुलांना फसवून ख्रिस्ती केलं जाणार नाही, असा शब्द श्वार्ट्झ यांनी दिला आणि तो पाळला.

मात्र त्यांना कुणाला ख्रिस्ती करायचंच नव्हतं, असं म्हणणं खोटं ठरेल. त्यांना करायचं होतं. सगळं आयुष्य त्यांनी त्यासाठीच वेचलं होतं, आणि ही इच्छा त्यांनी तंजावूरचे भोसले राजे तुळजाजी यांच्यापासून किंवा इतर कुणापासूनही लपवली नाही. त्यांनी केलं ते एवढंच की उपदेश उघड ठेवला आणि शाळेतला व्यवहार वेगळा ठेवला. इंग्रजी शिकायला आलेल्याला इंग्रजी मिळेल, त्याच्या बदल्यात दुसरं काही मागितलं जाणार नाही. ज्याची श्रद्धा इतकी पेटलेली आहे त्याला हे पाळणं किती जड गेलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ज्याला स्वतःलाच कशाची ओढ नाही त्याला दुसऱ्याच्या श्रद्धेला हात न लावणं सोपं असतं. श्वार्ट्झ यांना ते सोपं नव्हतं, आणि म्हणून मी त्यांना मोठे शिक्षक मानते.

आता सरफोजी. जन्म १७७७ चा, भोसल्यांच्याच एका शाखेतला. तुळजाजीराजांना वारस उरला नव्हता. मरणाच्या काही दिवस आधी, १७८७ च्या जानेवारीत, त्यांनी या नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं आणि श्वार्ट्झ यांना बोलावून मुलाला त्यांच्या स्वाधीन करायची इच्छा सांगितली. श्वार्ट्झ यांनी पालकत्व नाकारलं. परक्या पाद्रीच्या हातात वारस दिला तर राज्यात भांडणं होतील, असं सांगून त्यांनी राजाचे भाऊ अमरसिंह यांचं नाव सुचवलं. सल्ला शहाणपणाचा होता, आणि मुलाला तो फार महाग पडला. तुळजाजी वारले, कंपनीनं विचारलेल्या पंडितांनी दत्तकविधान सदोष ठरवलं, अमरसिंह स्वतः गादीवर बसले आणि दत्तक मुलगा राजवाड्यातच कोंडला गेला. शिक्षण बंद झालं. दहा ते पंधरा ही मुलाची वर्षं, ज्या वयात त्याचं मन सर्वांत भुकेलं असतं ती, अशी गेली.

श्वार्ट्झ यांनी मद्रासला तक्रारीमागून तक्रारी केल्या. मुलाला शिकवायला माणूस मिळावा, त्याला मोकळं ठेवावं, त्याच्या जिवाला धोका आहे. अखेर १७९३ मध्ये कंपनीनं सरफोजींना, तुळजाजींच्या विधवा राण्यांसह, मद्रासला हलवलं. तिथे विल्हेल्म गेरिके या दुसऱ्या हालेकर पाद्रींच्या देखरेखीखाली त्यांचं शिक्षण झालं. वारसाचा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला आणि श्वार्ट्झ यांनी सरफोजींच्या बाजूनं लिहिलं. पंडितांची मतं नव्यानं घेतली गेली आणि दत्तक वैध ठरलं. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ तंजावुरात वारले. शवपेटीचं झाकण लावण्याआधी सरफोजी आले, रडले आणि सोन्याच्या जरीचं वस्त्र त्यांनी गुरूच्या अंगावर घातलं. त्याच वर्षी जूनमध्ये ते गादीवर बसले.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९९ मध्ये, कंपनीनं तहावर सही घेतली. राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, राजवाडा, महसुलाचा पाचवा हिस्सा आणि वार्षिक तनखा उरला. पाद्रींच्या तक्रारींमुळे मुलगा वाचला आणि गादीवर आला. पण ज्या सरकारकडे त्या तक्रारी गेल्या त्या सरकारनं राज्य घेतलं. श्वार्ट्झ यांना हे दिसलं नाही, ते आधीच गेले होते. इतिहास लिहिताना आमचे काही लोक या दोन गोष्टींतली एकच सांगतात. राजवाड्याच्या सावलीत वाढलेल्या मला दोन्ही सांगाव्याशा वाटतात.

राज्य गेलेला एकवीस-बावीस वर्षांचा राजा, हाताशी पैसा आणि समोर तीस-बत्तीस वर्षांचं आयुष्य. अशा स्थितीतले बहुतेक संस्थानिक शिकारीत आणि नाचगाण्यात बुडाले. सरफोजींनी काय केलं ते राजवाड्यात आजही पाहता येतं. नायक राजांच्या काळापासून चालत आलेला ग्रंथसंग्रह त्यांनी वाढवला. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी पोथ्यांच्या जोडीला इंग्लिश, फ्रेंच, जर्मन, लॅटिन पुस्तकं हजारोंनी मागवली आणि कित्येकांवर स्वतःची इंग्रजी सही केली. तोच आपला सरस्वती महाल. वैद्यकासाठी धन्वंतरी महाल काढला. डोळ्यांच्या रोग्यांची तपासणी, शस्त्रक्रिया आणि नंतरची प्रकृती यांच्या नोंदी तिथे चित्रांसह ठेवल्या गेल्या, त्या आजही आहेत. १८०५ मध्ये देवनागरी छापखाना उभारला आणि १८०६ मध्ये तिथून सख्खन पंडितांनी केलेलं इसापच्या गोष्टींचं मराठी रूपांतर, ‘बालबोध मुक्तावली’, छापून निघालं. मुंबईतला अमेरिकन मिशनचा छापखाना तेव्हा दहा वर्षं दूर होता. ओरत्तनाडूला मुक्तांबाळ नावाचं छत्र बांधलं, त्याला मोफत शाळा जोडली. नवविद्याकलानिधी या नावाखाली नव्या विद्या शिकवल्या. शंख, खनिजं, वनस्पती, प्राण्यांची चित्रं, विद्युतयंत्रं, शरीरशास्त्राचे नमुने जमवले. तरंगंबाडीच्या मिशनरींशी या वस्तूंची देवाणघेवाण चालू होती.

ही यादी फ्रांकेंच्या हालेशेजारी ठेवून पाहा. शाळा, औषधालय, छापखाना, ग्रंथालय, वस्तूंचं दालन आणि गरिबांसाठी अन्नछत्र. सरफोजींनी हाले कधी पाहिलं नव्हतं. पाहिले होते ते हालेत घडलेले दोन-तीन शिक्षक. त्या शिक्षकांच्या बोलण्यातून आणि वागण्यातून त्यांनी हालेची सगळी रचना उचलली आणि कावेरीकाठी नव्यानं उभारली. एकच गोष्ट घेतली नाही: मध्यभागीचं प्रार्थनामंदिर. तिथे आपलं बृहदीश्वर होतं. १८०३ मध्ये त्याच देवळाच्या भिंतीवर त्यांनी भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. पुढे मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रा केली. गुरूवरचं प्रेम त्यांनी लपवलं नाही, आणि आपला धर्म सोडला नाही. १८०६ मध्ये क्लॉडियस ब्युकॅनन हे पाद्री भेटायला आले तेव्हा राजानं त्यांना आवर्जून श्वार्ट्झ यांच्या तसबिरीसमोर नेलं. लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं आणि गुरूच्या स्मरणार्थ इंग्रजी कवितेच्या ओळी स्वतः लिहिल्या. शिवगंगा किल्ल्यातल्या चर्चमध्ये ते स्मारक आहे. मरणशय्येवर श्वार्ट्झ, त्यांचा हात हातात घेतलेला राजा, उशाशी गेरिके, जवळ शाळेतली मुलं. ओल्या डोळ्यांनी पाहण्यासारखं शिल्प आहे, पण मला त्याहून मोठं स्मारक राजवाडा वाटतो.

माझ्या विषयात आम्ही हे सारखं पाहतो की मूल शिक्षकाचे शब्द विसरतं आणि शिक्षकाची तऱ्हा घेतं. वही कशी ठेवायची, प्रश्न कसा विचारायचा, न समजलेल्या वस्तूकडे कसं पाहायचं. मतं बदलतात, ही तऱ्हा हाडात राहते. सरफोजींच्या नेत्ररोग्यांच्या नोंदी मला या दृष्टीनं फार बोलक्या वाटतात. रोगी कोण, तक्रार काय, काय केलं, काय झालं: ही पाहून लिहून ठेवण्याची सवय आहे. कोंडलेल्या पाच वर्षांनंतर ज्या मुलाला मद्रासेत अचानक पुस्तकं, नकाशे आणि यंत्रं मिळाली, त्यानं जन्मभर काही न लिहिता सोडलं नाही.

‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक सरफोजींच्या नावावर आहे. कुरवंजी हा तमिळ मुलखातला लोकप्रिय नाट्यप्रकार. डोंगरातली भविष्य सांगणारी बाई येते, नायिकेचा हात पाहते, आपण हिंडलेल्या देशांची वर्णनं गाते. सरफोजींच्या नाटकात ही बाई जगाचा भूगोल गाते, खंडं, देश आणि समुद्र सांगत. हालेच्या शिक्षकांनी शिकवलेला भूगोल तमिळ नाट्याच्या साच्यात आणि मराठी पदांत बसला. त्याच काळात वेदनायगम शास्त्री हे श्वार्ट्झ यांचे दुसरे विद्यार्थी ‘बेथलेहेम कुरवंजी’ तमिळमध्ये लिहीत होते. तिच्यातही नवा भूगोल आणि खगोल आहे, मात्र नायक ख्रिस्त. एकाच गुरूचे दोन शिष्य, एक हिंदू राजा, एक ख्रिस्ती कवी, एकच नाट्यप्रकार, दोन भाषा. शिक्षणशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे प्रकरण असायला हवं होतं. नाही, याचं मला दुःख आहे.

सरस्वती महालाच्या प्रदर्शनात एक गोष्ट मी दरवर्षी मुलींना दाखवायला नेत असे: शार्ल ल ब्राँ या सतराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराची चेहऱ्यांची चित्रं. एका बाजूला माणूस, एका बाजूला पशू. घुबडासारखा माणूस, उंटासारखा माणूस, गरुडासारखा माणूस. चेहऱ्याच्या ठेवणीवरून स्वभाव ओळखता येतो, या समजुतीतून ती काढलेली आहेत. ती समजूत शास्त्राच्या कसोटीला उतरली नाही, हे मी त्यांना तिथेच सांगत असे. पण राज्य नसलेल्या एका मराठी राजानं माणसाच्या मनाकडे जाणारी वाट शोधताना ही चित्रं मागवली, हेही सांगत असे. कोलकात्यात भारतातला पहिला मानसशास्त्र विभाग निघायला तेव्हा शंभरेक वर्षं होती. मुली हसत, चित्रांत आपल्या मास्तरांचे चेहरे शोधत आणि परतताना प्रश्न विचारत. मला तेच हवं असे.

आता जातीबद्दल लिहायला हवं. तंजावूरच्या मिशनमध्ये जात शिरली आणि राहिली. श्वार्ट्झ यांच्या काळात चर्चमध्ये वरच्या जातीचे वेळ्ळाळ ख्रिस्ती एकीकडे बसत, दलित परय्यर ख्रिस्ती दुसरीकडे, आणि श्वार्ट्झ यांनी हे चालू दिलं. हळूहळू मन वळेल, असं त्यांना वाटत होतं. १८२० च्या दशकात नव्या मिशनरींनी सगळ्यांना एकत्र बसवण्याचा आग्रह धरला तेव्हा विरोधाच्या पुढे वेदनायगम शास्त्रीच होते. त्यांची मिशनची नोकरी गेली आणि त्यांना आश्रय दिला तो सरफोजींनी. ज्या दोन शिष्यांचं मी आत्ता कौतुक केलं त्या दोघांचं इथे एकमत झालं, ते तळातल्या माणसाच्या विरुद्ध. १८३३ मध्ये कोलकात्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधले जातिभेद बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा तंजावूरच्या मिशनमध्ये फूट पडली. माझ्या वर्गात ज्या मुली बसत त्यांतल्या अनेकींच्या घरात ही फूट आठवणीत होती. कोण कुठल्या गावच्या चर्चमधली, हे ऐकलं की इतरांना कळायचं. मानसशास्त्राच्या वर्गात पूर्वग्रह शिकवायचा तर मला अमेरिकेच्या दक्षिणेत जायची गरज नव्हती. श्वार्ट्झ यांनी शब्द पाळायला शिकवलं, पण कुणाशेजारी बसायचं हे शिकवायचं राहून गेलं. मी त्यांना गुरूंमध्ये मोजते म्हणूनच हे सोडून देता येत नाही.

२६ मार्च १८२६ या ईस्टरच्या दिवशी कोलकात्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर यांनी तंजावुरात श्वार्ट्झ यांच्या चर्चमध्ये प्रवचन केलं. मग ते राजाला भेटले आणि थक्क झाले. हा राजा लव्हाझिए, लिनियस आणि ब्युफाँ या शास्त्रज्ञांचे दाखले सहज देत होता आणि शेक्सपिअरवर मत मांडत होता. हीबर यांनी युवराज शिवाजींना आपल्याबरोबर प्रवासात शिकवायला नेण्याची तयारी दाखवली. सरफोजींची हरकत नव्हती. आईनं नाही म्हटलं आणि बेत तिथेच थांबला. आठवडाभरात, ३ एप्रिलला, हीबर त्रिचीत स्नान करताना वारले. त्यांच्या नावाचं महाविद्यालय त्रिचीत आहे. त्या राणीच्या नकाराबद्दल इंग्रज लेखक हळहळतात. मला तिचं म्हणणं समजतं. नवरा पाद्रींच्या हाताखाली शिकला तो कोंडवाड्यातून सुटण्यासाठी, तेव्हा दुसरी वाट नव्हती. मुलगा कोंडलेला नव्हता.

पुढचं एकोणिसावं शतक मी भरभर ओलांडते. श्वार्ट्झ यांच्या शाळेतून सेंट पीटर्स महाविद्यालय वाढलं. पुढे महाविद्यालयाचे वर्ग बंद झाले, शाळा राहिली. नागपट्टणमला १८४४ मध्ये निघालेलं जेझुइटांचं सेंट जोसेफ्स महाविद्यालय १८८३ मध्ये त्रिचीला आलं. या सगळ्यांत मानसशास्त्र हा स्वतंत्र विषय नव्हता, तत्त्वज्ञानाच्या पोटात होता. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात आल्फ्रेड हॉग यांच्या हाताखाली शिकलेले सर्वपल्ली राधाकृष्णन यांचं मानसशास्त्रावरचं लहान पुस्तक १९१२ चं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मिशनरी शिक्षकांनी हिंदू विचारांवर केलेल्या टीकेनं आपल्याला आपलंच तत्त्वज्ञान नीट वाचायला भाग पाडलं, असं राधाकृष्णन यांनी लिहून ठेवलं आहे. सरफोजींनंतर शंभर वर्षांनी तेच घडलं. शिक्षकाची इच्छा एक होती, विद्यार्थी दुसरीकडे पोचला, आणि शिक्षणात काही खोट निघाली नाही. कोलकात्याला १९१६ मध्ये, म्हैसूरला १९२४ मध्ये आणि मद्रास विद्यापीठात १९४३ मध्ये, जी. डी. बोआझ यांच्या हाताखाली, मानसशास्त्राचे स्वतंत्र विभाग निघाले. मद्रासच्या त्या विभागात शिकलेल्या शिक्षकांकडे मी शिकले.

महाविद्यालयात मला विल्यम जेम्स यांची धार्मिक अनुभवांवरची व्याख्यानं शिकवायला मिळाली, १९०१-०२ मध्ये एडिंबरात दिलेली. ख्रिस्ती संस्थेत ती माध्व ब्राह्मणाच्या घरातल्या बाईनं शिकवावीत याला कुणी हरकत घेतली नाही. विभागप्रमुख असलेल्या सिस्टरनं एकदाच विचारलं, ‘संतांच्या प्रार्थनेबद्दल तुम्ही काय सांगणार?’ मी म्हटलं, ‘जेम्स जे सांगतात ते, आणि त्याशिवाय राघवेंद्र स्वामींचं.’ आम्हा माध्वांचे हे संत; त्यांनी संन्यास घेतला तो तंजावुरात, नायकांच्या काळात. सिस्टर म्हणाल्या, ‘मग मीही वर्गात येऊन बसते.’ आणि खरोखरच मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या. त्यांना मनातून काय वाटत असेल, मी त्यांच्या वेदीसमोर गुडघे टेकावेत असं वाटत असेल का, मला माहीत होतं. वाटत असणार. ज्याचा देवावर इतका जीव असतो त्याला ते वाटतंच. पण निवृत्त होईपर्यंत त्या बाईंनी माझ्याकडे त्याबद्दल एक अवाक्षर काढलं नाही. माझी बढती, माझा अभ्यासक्रम, माझ्या मुलींचे गुण, कशातही ते कधी आडवं आलं नाही. पुण्याच्या पाहुण्यांना मला हेच सांगायचं असतं. सिस्टरना मी श्वार्ट्झ यांच्या घराण्यातल्या समजते.

काही गोष्टी व्हायला हव्यात आणि त्या आमच्या हयातीत व्हाव्यात, असं मला वाटतं. तंजावूरच्या राजांचं मोडी दफ्तर फार मोठं आहे. काही भाग वाचला गेला, तमिळमध्ये आणला गेला, पुष्कळ अजून रुमालांत बांधलेला आहे. त्यात छत्रांचे हिशेब आहेत, पगार आहेत, औषधांचे खर्च आहेत. शाळांच्या नोंदीही त्यातच शोधायला हव्यात: मास्तर कोण होते, कुठल्या जातीची मुलं आत आली आणि कुठली बाहेर राहिली. श्वार्ट्झ यांच्या शाळांबद्दल आपल्याला माहीत आहे ते बहुतेक इंग्रजी आणि जर्मन पत्रांतून, म्हणजे शिक्षकाच्या बाजूनं. विद्यार्थ्याच्या बाजूचं लिखाण मोडीत असेल तर ते वाचणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत मोडीचे वर्ग चालतात. तिथल्या तरुण मुलामुलींनी एक उन्हाळा इथे यावं. उन्हाळा कडक असतो, हे आधीच सांगते. राहायची सोय आमच्या घरांत होईल, जेवायला सांबार मिळेल, आणि तमिळ वाचून दाखवायला माझ्या जुन्या विद्यार्थिनी आहेत. त्यांतल्या दोघींनी तर मोडीची बाराखडी गिरवायला सुरुवातही केली आहे.